पोटखराबा

सातबाराच्या उताऱ्यावर एक लहानसा रकाना असतो. त्याला पोटखराबा म्हणतात. शेताच्या पोटात असून पिकाच्या कामाची नसलेली जी जागा, म्हणजे ओघळ, खडकाची पाठ, पायवाट, एखादे थडगे, ती या रकान्यात जाते. लागवडीस अयोग्य असा तिच्यावर शिक्का बसतो आणि हिशेब पुढे चालू होतो. तत्त्वचिंतनाशी या शब्दाचा काही संबंध असेल असे कोणाला वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. पण गेली वीस-बावीस वर्षे तो माझ्या मनातून जात नाही. आणि तो मनात येऊन बसला तो शेतामुळे नव्हे, तर घरातल्या संगणकामुळे. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

1999 साली माझ्या मुलाने एक संगणक घेतला आणि पुढच्याच वर्षी पुण्याला नोकरी लागल्यावर तो आमच्या सावेडीच्या घरात ठेवून तो निघून गेला. मी शाळामास्तर, विषय इतिहास. यंत्राशी माझे नाते घड्याळाला किल्ली देण्यापलीकडे कधी गेले नव्हते. पण निवृत्ती जवळ आली होती आणि संध्याकाळी हाताला काम नव्हते. हळूहळू मी त्याच्यासमोर बसू लागलो. पत्रे लिहू लागलो, परीक्षेचे प्रश्न काढू लागलो. दोनएक वर्षांनी ते यंत्र मंदावले. एखादे पत्र उघडायचे म्हटले की आतून कुरकुर ऐकू येई आणि पत्र काही केल्या समोर येत नसे. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबा, त्याला एकदा डीफ्रॅग करा. रात्री लावून द्या, सकाळपर्यंत होईल."

त्याने सांगितले तसे मी केले, आणि पडद्यावर जे दिसले त्याने मी अक्षरशः खिळून राहिलो. शेकडो लहान लहान रंगीत चौकोन. एखादा चौकोन इथून उचलला जाई आणि तिथे जाऊन बसे. दुसरा तिथून निघे. विस्कटलेली रांगोळी कोणी अदृश्य हाताने पुन्हा भरावी तसे ते दृश्य होते. जेवण झाल्यावर मी खुर्ची ओढून त्यासमोर बसे. पत्नी हसे. म्हणे, "लोक सिनेमा बघतात, तुम्ही हे बघता."

मला त्यात काय दिसत होते ते कळण्यासाठी त्या यंत्राच्या पोटात काय चालते हे थोडे सांगावे लागेल. तिथे तबकड्या असतात. आमच्या यंत्रातल्या मिनिटाला 5400 वेळा फिरत, म्हणजे सेकंदाला 90 फेरे. त्यांच्यावरून एक टोक आतबाहेर सरकते आणि तबकडीला स्पर्श न करता वाचते, लिहिते. साठवणीची जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. चार गिगाबाइटच्या आमच्या यंत्रात असे सुमारे दहा लाख खण होते. मी एखादे पत्र लिहिले की यंत्र रिकामे खण पाहून ते त्यांत ठेवी. सलग जागा मिळाली तर सलग. न मिळाली तर पत्राचे तुकडे करून एक इथे, एक तिथे, तिसरा पार टोकाला. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, याची नोंद एका वहीत असते. वाचायच्या वेळी ते टोक त्या नोंदीबरहुकूम धावते. एका जागेवरून दुसरीकडे जायला त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागतो. आपल्याला तो काहीच वाटत नाही; पण तुकडे शेकड्यांनी झाले म्हणजे त्या धावण्यातच सारा वेळ जातो. ते तुकडे शोधून एकेका पत्राचे खण शेजारी शेजारी आणून बसवायचे, एवढेच त्या रात्रीच्या कामाचे स्वरूप.

हे समजले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या यंत्राने तुकडे आळसापोटी केले नव्हते. 1956 साली आय. बी. एम. कंपनीने तबकड्यांचे असे पहिले यंत्र काढले तेव्हा त्यात दोन दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून 50 लाख अक्षरे तेवढी मावत. जागा मोलाची होती. एखाद्या कोपऱ्यात चार खण मोकळे पडले तर तेही वापरायचे, ही त्या घराण्याची काटकसर. गरिबाच्या घरात धान्य जसे मिळेल त्या डब्यात भरलेले असते, थोडे हंड्यात, थोडे बरणीत, तशी ती स्थिती. बाहेरून पाहणाऱ्याला तो पसारा वाटतो. गृहिणीला मात्र प्रत्येक दाणा कुठे आहे ते ठाऊक असते.

आणि दुसरा विचार आला तो आमच्या शेताचा.

आमचे मूळ गाव पारनेर तालुक्यात. पाऊस बेताचा, बाजरीचा मुलूख. आजोबांची चोवीस एकर जमीन चार ठिकाणी होती: ओढ्याकाठची काळी, विहिरीखालची बागायत, गावालगतचा मळा आणि माळावरची बरड. त्यांना तीन मुलगे. वाटणीची वेळ आली तेव्हा एकाला काळी, दुसऱ्याला बागायत, तिसऱ्याला बरड असे करता आले असते आणि तुकडे कमी पडले असते. आजोबांनी तसे केले नाही. चारही ठिकाणी त्यांनी दोरी धरून तीन तीन भाग केले. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी काळी आली, थोडी बरडही आली. विहिरीच्या पाण्याला प्रत्येकाची पाळी लागली. चाराचे बारा तुकडे झाले. माझे वडील सकाळी ओढ्यावर, दुपारी मळ्यात आणि संध्याकाळी माळावर असत. औत खांद्यावर घेऊन त्यांचे निम्मे आयुष्य वाटेवर गेले. परंतु त्या तिघा भावांत जमिनीवरून कधी भांडण झाले नाही. मला नंतर कळले की ते बारा तुकडे म्हणजे आजोबांच्या न्यायबुद्धीने मोजलेली किंमत होती.

अर्थात या न्यायाचा दुसरा हिशेबही आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून 1917 साली तो प्रसिद्ध केला. 1771 साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. आणि तीही एके ठिकाणी नव्हे. बांधांत जमीन जाते, औत वळवण्यात जाते, इतक्याशा पट्टीसाठी कोणी विहीर खणत नाही. पिढ्यानपिढ्या न्याय करत गेले की शेवटी वाटायला न्यायच तेवढा उरतो, भाकरी उरत नाही. म्हणून 1947 साली मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा केला. मोजणीदार आले, साखळ्या पडल्या, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वडिलांचे विखुरलेले तुकडे त्यांच्याकडून घेऊन तेवढ्याच किमतीची सलग जमीन त्यांना देण्यात आली. आमच्या गावात हे 1970 च्या सुमारास झाले.

वडील आनंदले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. मोजमाप चोख होते. फक्त आईने चुलीपाशी बसून एक प्रश्न विचारला: "त्या लिंबाचं काय?" मळ्यातल्या आमच्या पट्टीच्या कोपऱ्यात एक कडुलिंब होता. आमचा एक भाऊ जन्मून बाराव्या दिवशी गेला. त्याला त्या लिंबाखाली पुरले होते. कागदावर ती जागा पोटखराब्यात होती. ती पट्टी दुसऱ्याच्या गटात गेली. त्याला झाडाची सावली पिकावर पडते असे दिसले, आणि दोन वर्षांनी झाड गेले. त्याचाही दोष नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. खरे म्हणजे आम्हांलाही कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही आईला विचारले नव्हते. तिच्या प्रश्नाला वडिलांनी उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

1996 साली वडील वारले. पाठीमागे आम्ही तिघे: थोरली अक्का, मग मी आणि धाकटा अण्णा. शेत अण्णा करी. सातबाराला तिघांचीही नावे लागली, कारण 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात लेकीला वाटा होताच. तेव्हा घरात बोलणे निघाले की आता पुन्हा तुकडे नकोत. मोठ्या कष्टाने एक झालेले शेत पुन्हा फोडायचे का? मुद्दा बिनतोड होता. मी हक्कसोडपत्रावर सही केली, अक्कानेही केली. माझ्या सहीची किंमत फार नव्हती. मला पगार होता, निवृत्तिवेतन मिळायचे होते. अक्का कर्जत तालुक्यात दिलेली, कोरडवाहू घर, दोन मुली. तिने सही करताना एकच म्हटले, "शेत एक राहिलं म्हणजे माहेर एक राहतं." आम्ही सगळे गहिवरलो. त्या गहिवरात एक साधा विचार कोणाच्या मनात आला नाही, की एकीची किंमत आपण तिघांत सारखी वाटली आहे का? आजोबांनी न्यायासाठी तुकडे पत्करले होते. आम्ही तुकडे टाळले. पण कशाच्या बदल्यात?

आता त्या संगणकाकडे परत येतो.

2001 च्या दिवाळीत अक्का भाऊबीजेला आली होती. तिला जात्यावरच्या ओव्या येत; आईच्या, आजीच्या, सासूच्या, आणि तिने स्वतः रचलेल्या. मुलगा सुट्टीवर होता. त्याने संगणकाला ध्वनिक्षेपक जोडला आणि तिला गायला बसवले. त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय एका वेळी एक मिनिटाच्या वर घेत नसे. त्यामुळे अक्का एक मिनिट गाई आणि थांबे. पुन्हा गाई आणि थांबे. "हे काय रे, श्वास तोडून गायचं?" असे म्हणून ती हसे. असे चाळीसएक तुकडे झाले. मुलाने ते एका घडीत ठेवले आणि तिला नाव द्यायचे राहून गेले. यंत्राने आपले ठरलेले नाव दिले: नवीन घडी.

2003 च्या उन्हाळ्यात यंत्र पुन्हा मंदावले. आता मी जुना जाणता झालो होतो. तुकडेजोडीला थोडी मोकळी जागा लागते हे मला ठाऊक होते. म्हणून निरुपयोगी वाटले ते मी आधी काढायला लागलो. 'नवीन घडी' अशा नावाच्या चार-पाच घड्या होत्या. दोन उघडून पाहिल्या, त्या रिकाम्या निघाल्या. तेव्हा बाकीच्याही तशाच असणार असे धरून मी त्या पुसल्या, कचरापेटी रिकामी केली आणि रात्रभर चौकोनांची रांगोळी लावून दिली. सकाळी पडदा पाहिला तो सारे एका बाजूला नीट आणि दुसरी बाजू स्वच्छ, पांढरी. फार समाधान वाटले. नीटनेटकेपणाचे समाधान हे सदाचाराच्या समाधानासारखेच लागते. दोन्हींची चव वेगळी ओळखता येत नाही, हा मोठाच धोका आहे.

पुढच्या वर्षी अक्का गेली. दहाव्याच्या दिवशी तिच्या धाकट्या मुलीने मला विचारले, "मामा, आईच्या ओव्या तुमच्याकडे आहेत ना?"

माझा एक जुना विद्यार्थी दिल्ली दरवाज्याजवळ संगणक दुरुस्त करी. त्याच्याकडे ते यंत्र नेले. त्याने दोन दिवस खटपट केली आणि मग मला बसवून सांगितले. तो म्हणाला, "सर, पुसलं म्हणजे लगेच जात नाही. वहीतली नोंद तेवढी खोडली जाते. खणांत सगळं तसंच असतं, दुसरं काही त्याच्यावर लिहीपर्यंत. नुसतं पुसलं असतं तर बरंचसं परत आणता आलं असतं. पण तुम्ही लगेच डीफ्रॅग केलं. ती मोकळी जागा बघून दुसऱ्या फायली तिथं येऊन बसल्या." मग जरा थांबून तो म्हणाला, "आधी जोडून मग पुसलं असतं तरी चाललं असतं. सलग फाइल पुसली तरी सहज सापडते. तुम्ही आधी पुसून मग जोडलंत."

त्याच्या त्या वाक्याला दोन दशके उलटून गेली. नीतिशास्त्रावर मी जी काही पुस्तके वाचली त्यांतले एकही वाक्य मला इतके पुरले नाही. कारण त्याने तुकडेजोडीला दोष दिला नव्हता. दोष क्रमाचा होता. आधी जवळ आणायचे, काय काय आहे ते ओळखायचे, आणि मग वगळायचे ते वगळायचे; की आधी वगळायचे आणि उरलेल्याला एकत्र म्हणायचे? माणसे बहुधा दुसरा मार्ग धरतात, कारण तो सोपा आहे. मोकळी जागा हवी असते आणि ती कोणाची तरी असते. त्या कोणाला तरी आपण आधी 'रिकामे' असे नाव देतो. आईचा लिंब पोटखराब्यात होता. अक्काचा आवाज 'नवीन घडी'त होता. आणि अक्का स्वतः? ती सासरी गेलेली होती. वहीत नाव होते, पण सही करून खोडण्याजोगे.

हा प्रश्न केवळ घरगुती नाही. आमच्याच जिल्ह्यात नेवासे येथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नकला करणाऱ्यांच्या हातून पुढे पाठ विस्कटले. आणि 1584 साली पैठणच्या एकनाथांनी ते शुद्ध करून एक प्रत सिद्ध केली. मराठीवर त्यांचे हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत. तरी 1909 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, आणि तेव्हापासून अभ्यासक अशा प्रतींच्या शोधात राहिले आहेत. याचे कारण काय? शुद्ध प्रत मिळाली की जुन्या प्रतींची नक्कल कोणी करीत नाही. त्या मुद्दाम कोणी जाळत नाही. त्या नुसत्या निरुपयोगी होतात आणि वाळवी बाकीचे काम करते. एकनाथांनी आधी पाहिले, मग निवडले. तरीही मागे काही तरी हरवलेच. मग न पाहता निवडणाऱ्या माझ्यासारख्याची काय कथा?

कोणी म्हणेल, तर मग पसाराच चांगला. तसे मला म्हणायचे नाही. वडिलांचे निम्मे आयुष्य वाटेवर गेले हे मी पाहिले आहे. व्यवस्थेवाचून काही चालत नाही. 2023 साली सरकारने सलोखा नावाची योजना काढली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा बारा वर्षांचा घोळ असेल, तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी भरून दोघांना आपसांत अदलाबदल करता यावी, अशी ती सोय होती. तिचे नाव मला आवडले. पण दोघांची संमती असते तेव्हाच तो सलोखा. आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हे मी आता जाणतो. संमती विचारताना 'नाही' म्हणायला वाव ठेवावा लागतो. अक्काला आम्ही विचारले ते अशा शब्दांत, की त्याला 'नाही' म्हणणे म्हणजे माहेर तोडणे झाले असते.

आणखी एक गंमत सांगतो. हल्लीच्या नव्या संगणकांत बहुधा तबकडी नसते आणि ते धावणारे टोकही नसते. तिथे जवळ आणि लांब हा भेदच उरला नाही. एका पत्राचे हजार तुकडे झाले तरी ते सहसा कळतसुद्धा नाही. ती जुनी तुकडेजोड तिथे जवळजवळ निरुपयोगी झाली आहे. वारंवार केली तर उगाच झीज तेवढी होते. म्हणजे तुकडे हा मुळात दोष नव्हताच. दोष होता तो त्यांच्यामधल्या पायपिटीचा. अनेक ठिकाणी विखुरलेली गोष्ट एक असू शकते. तिची नोंद कोणी तरी निगुतीने ठेवली म्हणजे झाले. मात्र या यंत्रात एक गोष्ट अधिक कठोर आहे. पुसले म्हणून सांगितले की ते खण ते लौकरच खरोखर साफ करून टाकते. जुन्या तबकडीवर चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये काही काळ जात असे. पश्चात्तापाला तेवढी जागा मिळे. आता तीही राहिली नाही. तेव्हा पुसण्यापूर्वी उघडून पाहणे हे पूर्वी शहाणपणाचे होते, आता ते कर्तव्य झाले आहे.

परवाच्या भाऊबीजेला अक्काची धाकटी मुलगी आली होती. ती आता पन्नाशीला आली आहे. इतकी वर्षे मी तिला "यंत्र बिघडलं" एवढेच सांगत आलो होतो. त्या दिवशी खरे काय घडले ते सांगितले. मला वाटले ती रडेल, किंवा रागावेल. ती म्हणाली, "मामा, थोड्या मला येतात की. सगळ्या नाही येत. पण तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग ती गायली. या वेळी मध्ये थांबावे लागले नाही. मुद्रण झाल्याबरोबर मी त्या घडीला तिच्या आईचे आणि तिचे नाव दिले.

शेताबद्दल तिने काही विचारले नाही. आणि मीही अजून तिला विचारलेले नाही.